न लागलेली जोड

माघ लागला की नांदेडच्या रस्त्यांवर पैलवान उगवतात. दर दोन खांबांमध्ये एक. दंड फुगलेले, छाती तेलानं चकाकणारी, आणि त्यांच्या डोक्यावर त्यांच्या तिप्पट आकाराचे, हात जोडून हसणारे, उभ्या जन्मात लंगोट न कसलेले पुढारी. फ्लेक्सवर पैलवान खाली आणि पुढारी वर हा क्रम आता इतका रुळलाय की परक्या माणसाला वाटावं, आमच्याकडं कुस्त्या पुढारी खेळतात आणि पैलवान सभा घेतात. तसं झालं तर दोन्ही खात्यांत सुधारणा होईल, पण तो विषय वेगळा.

यंदा मात्र एका फ्लेक्ससमोर माझे पाय थांबले. वजिराबादकडून घाटाकडं जाताना उजव्या हाताला तो लावलेला आहे. दोन तरुण पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे. अंगं संगणकानं घडवलेली, म्हणून जरा जास्तच गुळगुळीत. खाली अक्षरं: बसलिंग पैलवान विरुद्ध खाजा पैलवान, न झालेली निकाली कुस्ती, यंदा जत्रेत भव्य पडद्यावर. बसलिंग पैलवान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. खाजा पैलवान गेल्या श्रावणात गेले. जिवंतपणी या दोघांनी लोकांसमोर एकमेकांना हात लावला नव्हता. तो न लावण्यासाठी खाजा पैलवानांनी काय केलं, हे मी तीन वर्षांपूर्वीच्या माघात माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि आता ही पाटी.

"काका, फोटो काढायलाव का? काढा अन् सरका," मागून रिक्षावाला म्हणाला. मी सरकलो. फोटो काढला नाही.

घरी आलो तर नात हाताच्या पट्ट्या सोडत बसली होती. ती इथं बॉक्सिंग शिकते. घरात पहिले काही दिवस तिच्या नाकाची चर्चा झाली, आता कुणी बोलत नाही. कारण ते नाक अजून सरळ आहे आणि दुसऱ्या दोन-तीन मुलींची नाकं चर्चेत आली आहेत. मी फ्लेक्सचं सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, हे तर कॉमन आहे," आणि फोन पुढं केला. फोनवर सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक गोरा बॉक्सर, अर्ध्या चड्डीत, मिशा वळवलेल्या, आणि त्याच्यासमोर आजचा एक. दोघांना कुणीतरी संगणकानं एका रिंगणात सोडलं होतं.

"हा जुनावाला गार्ड खालीच ठेवतो. दुसऱ्या राउंडला झोपला असता," ती म्हणाली.

"त्याच्या काळात लढत दुपारी सुरू होऊन दिवस मावळला तरी संपायची नाही. तुझा हा आजचा चौथ्या राउंडला पाणी मागेल."

"मग आधी ठरवा, कुणाच्या नियमानं लावायची?"

हा प्रश्न विचारायला मला इतिहासाची पूर्ण नोकरी करावी लागली होती. दोन काळांतली माणसं समोरासमोर उभी केली की अर्धा निकाल नियम ठरवणाऱ्याच्या खिशात गेलेला असतो. उरलेला अर्धा, पडदा ज्याचा त्याच्या.

"तुम्ही सांगा ना, कोण जिंकेल?"

"मी जोड लावतो. निकाल लावत नाही."

"हे काय नवीन?"

नवीन नव्हतं. उदगीरचं होतं.

उदगीरला मोंढ्याच्या तोंडाशी मलप्पाचं हॉटेल आहे. चार बाकडी, एक भट्टी, आणि भिंतीवर बसवण्णांची तसबीर. तिच्या काचेवर एवढी वाफ बसलेली की दर्शन श्रद्धेनंच घ्यावं लागतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर नांदेडला येईपर्यंतची माझी वर्षं त्या बाकड्यांवर गेली. माघात तिथं बसण्यात वेगळी मजा. तुरी मोंढ्यात यायच्या. टेम्पोंच्या रांगा लागायच्या आणि तुरीची पिवळसर धूळ सगळ्या बाजारावर उतरायची. चहावर साय धरायच्या आधी धूळ धरायची. येणारा प्रत्येक माणूस आधी शिंकायचा, मग नमस्कार करायचा. पलीकडं कुणीतरी हरभऱ्याचा हुळा भाजत असे. काळ्या पडलेल्या बोटांनी तो सोलत लोक तुरीच्या भावावर बोलत, भाव पडलेला असला तर सरकारवर, चढलेला असला तर परमेश्वरावर. आणि दुपार कलली की कुठूनतरी हलगी. आधी एखाद-दुसरा ठोका, कातडं तापवून बघितल्यासारखा, मग सलग. हलगी ऐकू आली की समजायचं, आजूबाजूच्या गावांत जत्रा बसायला लागल्या, कुस्त्यांचे फड लागणार.

त्या दिवसांत आमच्या बाकड्यावर जोडी लागायच्या. ज्या माणसांची कधी गाठ पडली नाही, पडणं शक्यच नव्हतं, त्यांच्या. निजामाच्या अमदानीत म्हणे एक भीमण्णा होता. किल्ल्याच्या दरवाज्यातली शिळा तो रोज सकाळी उचलून बाजूला ठेवायचा आणि संध्याकाळी परत जागेवर. का ठेवायचा, हे कुणी विचारत नसे. त्या भीमण्णासमोर मलप्पानं एकदा आजचा, राज्यात गाजलेला, गादीवरचा एक पोरगा उभा केला.

"भीमण्णाला मॅटवर आणा. पाय घसरून सोताच पडतोय का न्हाई बघा," मलप्पा गाळणी झटकत म्हणाला.

"अन् तुझ्या मॅटवाल्याला मातीत आण," खाजा पैलवान म्हणाले. "डोळ्यात माती गेली की अम्मीला हाक मारंल."

"तेचा खुराक बघा की पैलवान. परदेशी पावडर खातोय त्यो."

"पावडर तोंडाला लावत्यात, मलप्पा. खात न्हाईत."

असं तासभर. मध्येच एखादा हमाल पोतं टेकवून यायचा, भीमण्णाच्या बाजूनं दोन शब्द टाकायचा आणि पोतं उचलून जायचा. शरीराचे, डावांचे, तुपाचे, दुष्काळाचे हिशेब निघत. भीमण्णाच्या काळात दूध चांगलं होतं, हे सगळ्यांना मान्य. भीमण्णाच्या काळात निम्मी पोरं पाच वर्षांची होण्याआधी जात, हे मी सांगितलं की माझ्या हातात दुसरा चहा दिला जाई, म्हणजे मी गप्प बसावं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की प्रत्येक जण पैलवानाची नाही, स्वतःच्या विशीची बाजू घेतोय. ज्याच्या विशीत जो पैलवान, तो अजिंक्य. आपण एकदा तरुण होतो याला एवढा भक्कम, साडेसहा फुटी साक्षीदार दुसरा कुठं मिळणार?

पण निकाल कधी लागत नसे. तो नेम खाजा पैलवानांचा. वाद हातघाईवर आला की ते कप खाली ठेवून म्हणायचे, "जोड लावा, निकाल लावू नका." मी एकदा कारण विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकलेला माणूस हे कसं विचारतो.

"सर, जिता पैलवान हारला तर फुडच्या वर्षी परत जोड मागतोय. मेलेल्यानं कुठं मागायची?"

आता खाजा पैलवान आणि बसलिंग पैलवान यांच्याविषयी. खाजांचे वडील गाद्या भरायचे. बसलिंगचं घर आडत्याचं, मोंढ्यात दुकान. दोन पोरांची गाठ एरवी एका गादीपुरतीच पडली असती, पण दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली एका तालमीत गेले. तालीम म्हणजे पत्र्याची खोली आणि आत ताक, तेल, हळद कालवलेली तांबडी माती. तिथं पहाटे दार लावून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी झुंजले. बाहेर मात्र नाही. आमच्याकडं एका वस्तादाचे दोन पठ्ठे मैदानात एकमेकांसमोर उभे राहत नाहीत. ते गुरुभाऊ. आणि तालमीच्या बंद दाराआड कोण कुणाला पाडतो, हे दारातून बाहेर येत नाही. त्यामुळं भागातला सगळ्यात मोठा प्रश्न पन्नास वर्षं तसाच राहिला. दोघांनी बाहेरचे सगळे पाडले. या दोघांतला भारी कोण? बाजारात यावरून मारामाऱ्या झाल्या. एक सोयरीक मोडली असंही सांगतात. वस्ताद गेल्यावर उत्तर दोनच माणसांना ठाऊक आणि दोघंही मुके.

मलप्पानं एकदा, एकदाच, बाकड्यावर गमतीनं ही जोड लावली. खाजा पैलवानांनी कपातला चहा जमिनीवर ओतला, कप जागेवर ठेवला आणि निघून गेले. बरेच दिवस आले नाहीत. शेवटी मलप्पा त्यांच्या घरी गेला. "माफी कायकू मागतोस, चाय पाज," म्हणाले आणि त्याच्याबरोबरच परत आले. तेव्हापासून भीमण्णापासून हनुमंतापर्यंत कुणाचीही जोड लागे, ही सोडून.

बसलिंग पैलवान गेले तेव्हा मी तिथं होतो. त्यांच्या समाजात माणसाला बसवून समाधी देतात. घरच्यांनी माती घातली, जंगमांनी विभूती लावली, आणि मग खाजा पैलवान पुढं झाले. तालमीतली माती त्यांनी रुमालात बांधून आणली होती, ती घातली. दोघांच्याही धर्मात माणूस शेवटी मातीतच जातो, त्यामुळं त्या दिवशी कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आज कदाचित वाटलं असतं. हल्ली वाटून घ्यायला लोकांकडं वेळ भरपूर आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या माघात मोंढ्यात एक पांढरी गाडी शिरली आणि तुरीच्या रांगेनं तिला वाट दिली. बसलिंग पैलवानांचा मुलगा नागेश उतरला. लोक त्याला अप्पा म्हणतात. जत्रा कमिटीचा अध्यक्ष, आणखीही तीन-चार गोष्टींचा अध्यक्ष. सोबत दोघं, आणि त्यांतल्या एकाच्या हातात पाटीएवढा फोन. नागेश बाकड्यावर खाजा पैलवानांच्या शेजारी बसला. पाया पडला, हेही सांगितलं पाहिजे.

"काका, यंदा जत्रंत बाबांवर फिल्म हाय. कम्प्युटरनं केलेली. शंभर वर्षांतले नामी पैलवान एकेक करून बाबांच्या समोर येत्यात. शेवटची कुस्ती तुमच्यासंग."

"पडतंय कोण?"

नागेश हसला. "आता काका, बाबांचीच फिल्म म्हटल्यावर..."

"म्हंजी मी."

"खरं थोडंच हाय ते? अन् तुमाला स्टेजवर मानाची खुर्ची हाय. फेटा, शाल, समदं."

"आमची जोड लागत न्हाई, नागेश. एका मातीतले हाव आमी."

"बरं, बरोबरीत सोडवू."

"न्हाई."

नागेशनं थोडा विचार केला आणि मनाचा मोठेपणा दाखवला. "मग तुमीच जिंका! घ्या. बाबा पडले तरी चालंल मला. लोकान्ला निकाल लागला म्हंजी झालं."

मलप्पाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. खाजा पैलवानांनी पन्नास वर्षं न मागितलेली गोष्ट कुणीतरी चहाच्या बाकड्यावर फुकट देत होतं.

"तुला चालंल," ते म्हणाले. "मला न्हाई चालत."

"काका, लोक काय म्हणायलेत म्हाईत हाय का? म्हणायलेत, पैलवान निकालाला भ्याले."

"भ्यालो म्हण. पर लावू नको."

जाताना त्यानं माझ्याकडं मोर्चा वळवला. "सर, निवेदन तुमी लिव्हा. भाषा भारदस्त पायजे."

मी म्हणालो, "घडलेल्या गोष्टींचंच मला जेमतेम जमतं, अप्पा. न घडलेल्यांसाठी तुमच्याकडं कार्यकर्ते आहेत."

"सर बी लई तिरकस," तो हसत म्हणाला आणि गाडी गेली. धूळ आमच्या चहात बसली.

नागेशविषयी मी नंतर पुष्कळ विचार केला. माणूस वाईट नव्हे. त्याचा जन्म झाला तेव्हा बसलिंग पैलवानांचे गुडघे गेलेले होते. त्यानं पाहिलेला बाप आडतीवर बसून, पाय लांब करून, तेल चोळून घेणारा. तो बाप कधीतरी वाघासारखा मैदानात उतरत होता हे सगळा मुलूख सांगे, आणि ते ज्याला सगळ्यांत आधी बघायला मिळायला हवं त्यानंच पाहिलं नव्हतं. संगणकवाल्यानं त्याला तरुण बाप करून दिला. इथपर्यंत कुणीही त्याच्या जागी तेच केलं असतं, मीही. पण निव्वळ उभ्या असलेल्या बापावर कमिटीचं भागत नाही. त्याच्या पायाखाली कुणीतरी पडलेलं लागतं.

जत्रेच्या गावाचं नाव लिहीत नाही, कमिटी अजून तीच आहे. उदगीरपासून लांब नाही. दुपारी पोचलो तेव्हा आखाड्यावर पाणी शिंपडून झालं होतं आणि ऊन त्या ओल्या मातीवर टेकलं होतं. तो वास मला कधी सांगता आलेला नाही. थोडा ताकाचा, थोडा घामाचा, थोडा नुकत्याच उकरलेल्या वाफ्याचा. भोवती करडईची शेतं पिवळी. पोरं बाभळीवर चढलेली. नारळाच्या बक्षिसावरच्या लहानग्यांच्या कुस्त्या आधी लागल्या. मग सत्कार. मग दोन कुस्त्या. मग सत्कार. एका पुढाऱ्याला फेटा बांधेपर्यंत आखाड्यात दोन पैलवान चितपट झाले आणि तिसरा कंटाळून बसला. निवेदक प्रत्येक पाहुण्याला सिंह म्हणत होता. सिंहांना बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या.

खाजा पैलवान स्टेजवर होते. मी आणि मलप्पानं त्यांना येऊ नका म्हणून सांगून पाहिलं होतं. "न्हाई गेलो तर माज्या माघारी दाखवतील," ते म्हणाले, "सामने बसतो." पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर कमिटीचा केशरी फेटा, अंगावर शाल. खुर्चीत ते मावत नव्हते.

ऊन तिरपं झालं तसा आखाड्याच्या एका कडेला उभा केलेला पडदा उजळला. फिल्ममधली हलगी खऱ्या हलगीपेक्षा चौपट मोठी होती. हलगीवाले आपापली हलगी मांडीवर ठेवून बघत बसले. पडद्यावरचा बसलिंग देखणा होता, पण त्याला घाम येत नव्हता, आणि पडलेल्याच्या पाठीला माती लागत नव्हती. त्यानं भीमण्णाला ढाक मारली. दिल्लीहून आणलेल्या कुण्या दाढीवाल्याला धोबीपछाड घातली. शिट्ट्या वाजल्या. मग नाव पुकारलं गेलं आणि पडद्यावर तरुण खाजा पैलवान शड्डू ठोकत आला.

"मिशी चुकली," मलप्पा माझ्या कानात म्हणाला. "पैलवानाला तवा मिशीच न्हवती."

पडद्यावरच्या दोघांनी हात मिळवले. आणि स्टेजवरचे खाजा पैलवान उठले.

आमच्याकडं कधीकधी चूक होते. दूरच्या जत्रेत, माहिती नसलेले पंच एका तालमीच्या दोघांची जोड लावून बसतात. पोरं भरीला पडून उभी राहतात. अशा वेळी वस्तादानं आखाड्यात उतरायचं, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या मध्ये आडवा धरायचा आणि म्हणायचं, सोडा. याला जोड फोडणं म्हणतात. त्यानंतर पंच काही बोलत नाहीत आणि प्रेक्षकही मागणी करत नाहीत. वस्ताद नसेल तर तालमीतला सगळ्यात वडील पठ्ठा हे करतो. वस्ताद जाऊन जमाना झाला होता. तालमीतला सगळ्यात वडील माणूस खाजा पैलवानच. ज्या जोडीतला एक तो स्वतः होता, ती त्यालाच फोडायची होती.

त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली, फेटा काढून शालीवर ठेवला, आणि शिडीचा कठडा धरून उतरले. गुडघ्यांनी त्रास दिला असणार. वाटेत बसलेल्या एका पोरट्या पैलवानाच्या खांद्यावरचा टॉवेल न विचारता ओढला आणि आखाडा ओलांडून पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. पडद्यावर बसलिंगनं त्यांची कंबर धरली होती. खाली हे, टॉवेल दोन्ही हातांत आडवा धरून.

लोक हसले. मोठ्यानं हसले. एक म्हातारा सिनेमा थांबवायला निघालाय, हे दृश्य हसण्यासारखं होतंच. निवेदक म्हणाला, "ज्येष्ठ पैलवानांना विनंती, त्यांनी कृपया आसनस्थ व्हावं."

खाजा पैलवान पडद्याकडं तोंड करून बोलले. माईक नव्हता, पण तालमीचा गळा होता.

"सोडा. ए बसू, सोड. सोड म्हणतोय न्हव मी."

हसू एकदम नाही थांबलं. ते कडेकडेनं विझत गेलं. आधी जुनी माणसं गप्प झाली, ज्यांनी कधीतरी अशी जोड फुटताना पाहिली होती. मग हलगीवाल्यांपैकी एक उठून उभा राहिला. मग तालमीची मधल्या वयाची चार-दोन माणसं आखाड्यात उतरली आणि पैलवानांच्या मागं जाऊन थांबली, नुसती. पडद्यावर कुस्ती चालूच होती, पण ती आता भिंतीवर पाल सरपटावी तशी. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

नागेशनं माईक घेतला. "काका, मग आता तुमीच सांगा गावाला. तालमीत भारी कोण हुतं?"

बाभळीवरची पोरंसुद्धा हलेनाशी झाली. पन्नास वर्षांचा प्रश्न होता आणि उत्तर माहीत असलेला एकटाच माणूस त्या मातीत उभा होता. एक शब्द टाकायचा अवकाश. खरा टाकला असता काय नि खोटा काय, तपासणारा कुणी उरला नव्हता.

"नागेश," खाजा पैलवान म्हणाले, "आमी दोघंबी एकमेकाला न हारता म्हातारे झालो. एवढंच कमावलंय आमी. ते तेवढं घिऊ नको."

नागेशनं माईक खाली घेतला. मग त्यानं मागं न बघता हात हलवला आणि पडदा काळा झाला.

"आता जित्यांच्या लावा," खाजा पैलवान म्हणाले, आणि ज्याचा टॉवेल होता त्याच्या खांद्यावर तो परत टाकला.

जत्रेच्या स्मरणिकेत नंतर छापून आलं, की तांत्रिक कारणामुळं चित्रफीत अपूर्ण राहिली. मी इतिहास शिकवलेला माणूस. तांत्रिक कारणं कशी असतात, हे मला माहीत आहे.

मला कुणी विचारतं, एवढं काय होतं त्यात? खेळ तर होता. आम्हीही बाकड्यावर तोच खेळत होतो. खरं आहे. पण बाकड्यावरची जोड हवेत लागायची आणि हवेत राहायची. भीमण्णा संध्याकाळी परत अजिंक्य होऊन त्याच्या शिळेकडं जायचा. पडदा तसं करत नाही. पडद्याला शेवट लागतो. आणि एकदा शेवट दिसला की लोक तो पाहिला असं म्हणतात, दाखवला असं म्हणत नाहीत. आणखी वीस वर्षांनी कुणीतरी शपथेवर सांगेल, की मी त्या जत्रेत होतो, बसलिंगनं खाजाला अस्मान दाखवलं तेव्हा. त्याच्याशी कोण भांडणार? त्याच्याकडं चित्र असेल. माझ्याकडं फक्त एक न झालेली गोष्ट. न झालेल्या गोष्टीला वाली नसतो. तिची बाजू घ्यायची तर अडूनच बसावं लागतं.

हे सगळं नातीला सांगून झालं तेव्हा तिच्या पट्ट्यांची गुंडाळी कधीच झाली होती.

"मग आता कोण फोडणार?" तिनं विचारलं.

मी मलप्पाला फोन लावला. मागं भट्टीचा आवाज, शिंका.

"बघितला का सर फ्लेक्स? हितं बी लागलाय. दोघंबी गेले, आता हरकत घेणारं कोण हाय, म्हणायलेत."

"तालमीतलं कुणी उतरेल का?"

"न्हाई उतरत. अप्पानं मॅट दिलीय तालमीला. नवी. पोरं म्हणत्यात, अप्पाचं मन कसं मोडावं?"

"खाजा पैलवानांच्या घरचं?"

"पोरगा हैद्राबादला. तेला फोन केल्तो. म्हणला, चाचा, माहोल बघा, आमी बोललो तर येगळाच अर्थ निघंल." मलप्पानं गाळणी झटकल्याचा आवाज आला. "खोटं न्हाई बोलला त्यो."

नियम असा, की जोड फोडणाऱ्याला त्या तालमीची माती लागलेली पाहिजे. मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेलोय, आत नाही.

"मलप्पा, तू कधी तालमीत गेला होतास?"

"मी? माजी काय छाती हाय का सर? ल्हानपणी ताक न्हेऊन घालायचो मातीत कालवायला. पायानं तुडवायचो, बास."

"म्हणजे माती लागलीय."

भट्टीचा आवाज बंद झाला. त्यानं ती विझवली असावी. धंद्याच्या वेळेला मलप्पानं भट्टी विझवलेली मी ऐकलेली नाही.

"सर, माजं वय बघा. माजं पोट बघा. पडद्याफुडं उभा ऱ्हायलो तर कोण वळखंल मला?"

"टॉवेलला दोन टोकं असतात. एक मी धरतो. मी सकाळच्या एसटीनं येतो."

"तुमी आन् मी?"

"दुसरं कोण आहे?"

"लोक हासतील, सर. लई हासतील."

"हसू दे, मलप्पा. मोठ्यानं हसू दे. हसणाऱ्याला निकाल ऐकू येत नाही."